साखर, मध की काकवी? घरच्या जिन-लिंबाचा निवाडा

आमच्या वहिनींचं जिनबद्दल एकच म्हणणं असतं, "खोकल्याचं औषध प्यायल्यासारखं वाटतं." गेल्या पावसाळ्यात एका रविवारी मी त्यांच्यासमोर तीन ग्लास मांडले. जिन, लिंबं आणि बर्फ तिन्हीत सारखं, गोडवा तेवढा वेगळा. एकात साखरेचा पाक, दुसऱ्यात मध, तिसऱ्यात काकवी. मध्ये भडंगाची परात. बाहेर पाऊस असा लागला होता की कुणाला घरी जायची घाई नव्हती.

वहिनींना औषधासारखा वाटतो तो वास जुनिपरच्या फळांचा. तो नसेल तर जिनला जिन म्हणताच येत नाही. त्यामुळे माझी कसोटी साधी होती: गोड घातल्यावरही तो वास नाकाला लागला पाहिजे, फक्त घशाला टोचता कामा नये.

साखरेचा पाक सगळ्यात सोपा. एक वाटी साखर, एक वाटी पाणी, साखर विरघळली की गॅस बंद. गुलाबजामच्या सवयीनं एकतारी करत बसू नका, तो पाक थंडगार पेयात नीट मिसळत नाही. फ्रिजमध्ये दोनेक आठवडे आरामात टिकतो. 60 मिली जिन, 20 मिली लिंबाचा रस, 20 मिली पाक, भरपूर बर्फ घालून पंधरा सेकंद जोरात हलवायचं आणि गाळून घ्यायचं. हा झाला जिमलेट. खरं तर जिमलेटमध्ये मूळचं लिंबाचं बाटलीतलं कॉर्डियल, म्हणजे साखर घालून टिकवलेला रस, असतो. लॉकलन रोझ नावाच्या स्कॉटिश माणसानं 1867 मध्ये लिंबाचा रस दारूऐवजी साखरेत टिकवायच्या पद्धतीचं पेटंट घेतलं. जहाजांवरच्या खलाशांना स्कर्व्ही हा हिरड्यांतून रक्त येणारा आजार होऊ नये म्हणून लिंबाचा रस लागायचाच, त्यामुळे त्याचा धंदा चांगला चालला. कॉर्डियल आपल्याकडेही मिळतं, पण बाजारात ताजी कागदी लिंबं असताना त्याच्या वाटेला जायची मला गरज वाटत नाही. हेच मिश्रण उंच ग्लासात ओतून वर सोडा घातला की टॉम कॉलिन्स नावाच्या कॉकटेलच्या जवळचं पेय होतं. त्या कॉकटेलमध्ये खरं पिवळं मोठं लिंबू असतं. आपलं कागदी लिंबू जास्त आंबट, म्हणून परदेशी कृतीत 25 मिली लिहिलं असेल तर 20 वर थांबा.

पाकाचा गुण म्हणजे त्याला स्वतःचं काही म्हणायचं नसतं. जिन जशी आहे तशी समोर येते. महागातली बाटली आणली असेल तर हाच रस्ता.

मधाचं पेय म्हणजे बीज नीज, अमेरिकेत दारूबंदी होती त्या 1920 ते 1933 च्या काळातलं. चोरून गाळलेल्या जिनचा उग्र वास मधानं झाकायचे, असं सांगतात. माझी पहिली चूक इथंच झाली. मध थेट ग्लासात ओतला, तो बर्फाला भिडला आणि तळाशी गोळा होऊन बसला. वरचं पेय आंबट ढोण आणि शेवटच्या घोटाला नुसता मध. दोन भाग मधाला एक भाग कोमट पाणी घालून आधी सैल करून घ्यायचा, मग 15 ते 20 मिली पुरतो. मध कुठला तेही बघा. जांभळाच्या मधाला मागून कडवटपणा येतो. तो मला आवडतो, वहिनींनी मात्र ग्लास लगेच माझ्याकडे सरकवला.

आता काकवी. कोल्हापुरात राहून गुळाचा विचार केला नाही तर इथल्या गूळ बाजारात तोंड दाखवायला जागा उरायची नाही. कोल्हापुरी गुळाला 2014 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय. काकवी म्हणजे गूळ व्हायच्या अलीकडे कढईतून काढलेला दाट रस. हंगामात गुऱ्हाळावरनं आणली की वर्षभर पुरते. निम्म्यास निम्मं पाणी घातलं की सिरप तयार, शिजवायची भानगड नाही. गूळच वापरणार असाल तर किसून विरघळवा आणि फडक्यातून गाळून घ्या, तळाशी बारीक कचरा राहतोच.

पण खरं सांगतो, साध्या जिमलेटमध्ये काकवी जिनला खाऊन टाकते. रंग कोऱ्या चहासारखा, चव खमंग आणि जिन कुठं गेली पत्ता नाही. रममध्ये ती शोभली असती. मग मी आल्याचा तुकडा ठेचून टाकला, सोडा ओतला, आणि ग्लासातून चक्क रसवंतीगृहाचा वास यायला लागला. वहिनींनी हाच ग्लास उचलला आणि परत दिला नाही. माझ्या कसोटीवर काकवी नापास. पण ज्यांना जिनचा वासच नको त्यांच्यासाठी, शिवाय पाचसहा जणांसाठी मोठा जग भरून करायचं असेल तर ती दोघांवर मात करते. मोजमाप थोडं चुकलं तरी आलं आणि सोडा सांभाळून घेतात.

सामानासाठी पैसे घालवू नका. माप म्हणून औषधाच्या बाटलीवरचं टोपण चालतं. हलवायला घट्ट झाकणाची बरणी घ्या, फक्त लोणच्याची नको. कितीही घासली तरी हिंग सुटत नाही, आणि हिंगाचा जिमलेट मी एकदा प्यायलोय. लिंबू पिळताना शेवटच्या थेंबापर्यंत चेपू नका, सालीचा कडवटपणा उतरतो. आणि आपल्याकडे कडक दारूसाठी वयाची अट 25 वर्षांची आहे, परवानाही लागतो, हे घरातल्या कॉलेजवाल्या भाच्याला आधीच सांगून ठेवा.

सिरपच नको वाटत असेल तर थेट उसाचा रस आणा. 45 मिली जिन, 90 मिली रस, 15 मिली लिंबू. दरवेळी जमेल असं नाही, कारण ऊस कधी जास्त गोड, कधी पाणचट निघतो. रस घेताना आलं-लिंबू घालू नका म्हणून सांगा, ते घरी आपल्या मापानं घालायचंय. आणि बर्फाचे ट्रे फिल्टरच्या पाण्यानं आदल्या रात्रीच लावून ठेवा, नाहीतर बर्फ जमेपर्यंत रस काळा पडतो.