शिंगाच्या खुणेची कुपी

माझ्या आजोबांच्या कानात कायम हिन्याचा फाया असे, आणि त्यामुळेच की काय, लंडनमध्ये स्थायिक झाल्यावर मला अत्तराच्या जुन्या कुप्या जमवण्याचा नाद लागला. पॅरिसमधील एका विक्रेत्याने गेल्या वर्षी इंटरनेटवर मांडलेल्या कुपीचे वर्णन ‘शांतियी, १७३५’ असे होते; शांतियी म्हणजे चिनी मातीच्या वस्तूंचा फ्रान्समधला जुना कारखाना. दुधाळ पांढऱ्या अंगावर लावा पक्ष्यांची जोडी, विटकरी लाल आणि निळसर हिरव्या रंगांतली चार फुले, बाकी जागा मोकळी, आणि तळाशी लाल रंगात शिकारीच्या शिंगाची, म्हणजे त्या कारखान्याची खूण. जपानमधील आरिता येथल्या काकिएमोन शैलीची ती दुधाळ छटा साधण्यासाठी शांतियीचे कारागीर झिलईत कथील मिसळत, एवढे मी वाचून होतो, आणि त्या वाचनाच्या घमेंडीतच ८५० पौंड थेट बँकेतून पाठवून मोकळा झालो. संकेतस्थळाबाहेर पैसे दिल्यास शंभर पौंड सूट, हा प्रस्ताव त्याचाच होता. मला तो सौजन्य वाटला!

तीन महिन्यांनी घट्ट बसलेले पितळी बूच काढताना कुपीच्या तोंडाचा टवका उडाला. जुन्या चिनी मातीच्या वस्तूंची डागडुजी करणाऱ्या एका बाईंकडे ती नेली, तेव्हा त्यांनी खुणेकडे पाहिलेही नाही. भिंग लावून फक्त तुटलेली कड पाहिली. कड काचेसारखी गुळगुळीत आणि चकचकीत होती. शांतियीचा कारखाना १७३० च्या आसपास सुरू झाला, तर कठीण चिनी मातीला लागणारे केओलिन फ्रान्समध्ये लिमोजजवळच्या सां-इरिए येथे सापडले ते १७६८ च्या सुमारास. म्हणजे १७३५ची खरी कुपी मऊ चिनी मातीचीच असणार, आणि तिचा टवका साखरेसारखा रवाळ दिसणार. माझी कुपी कठीण मातीची, बहुधा एकोणिसाव्या शतकातली प्रतिकृती होती. त्या काळी पॅरिसमध्ये अशा प्रतिकृती जुन्या खुणांसकट सर्रास बनत.

बाईंनी हसत सांगितले की पॅरिसला ही विद्या जुनीच आहे. १७३० च्या सुमारास रोदोल्फ लमेर नावाच्या तिथल्या व्यापाऱ्याने माइसन या जर्मनीतल्या चिनी मातीच्या कारखान्याकडून काकिएमोन नमुन्यांच्या हुबेहूब नकला बनवून घेतल्या होत्या आणि त्यांवरची कारखान्याची तलवारींची खूण झिलईच्या वर काढायला लावली होती, म्हणजे ती घासून टाकून माल जपानी म्हणून विकता यावा. तिथे खूण पुसून फसवणूक झाली, माझ्या बाबतीत खूण रंगवून.

विक्रेत्याला पत्र लिहिले. जाहिरात त्याने केव्हाच काढून टाकली होती आणि मी तिचे चित्र जपून ठेवले नव्हते. उत्तरात त्याने पावती पुन्हा वाचण्याची नम्र विनंती केली. पावतीवर वर्ष नव्हते, आणि ‘शांतियी’च्या पुढे, मी एकदाही नीट न वाचलेला, ‘धर्तीची’ हा शब्द होता.