बसिन्स्की की रादीग: आधी काय ऐकावं?

ड्रोन (लांबवर धरलेल्या स्वरांचं) आणि मिनिमलिस्ट (मोजक्या सुरांच्या पुनरावृत्तीचं) संगीतात शिरू पाहणाऱ्याला बऱ्याचदा दोन नावं सुचवली जातात: अमेरिकन संगीतकार विल्यम बसिन्स्कीचं ‘द डिसइंटिग्रेशन लूप्स’ आणि फ्रेंच संगीतकार एलियान रादीगचं ‘त्रिलोजी द ला मॉर’ (मृत्यूची त्रयी). दोन्ही तासन्‌तास चालणारी, दोन्हींवर मृत्यूची सावली. ऐकणाऱ्याकडून मात्र दोघांच्या अपेक्षा वेगळ्या आहेत.

बसिन्स्कीकडे शिरणं सोपं. १९८०च्या दशकातल्या जुन्या टेप लूप (टोकं जोडून गोल फिरत राहणारे टेपचे तुकडे) २००१ मध्ये तो डिजिटल करत होता, तेव्हा फिरता फिरताच टेपवरचा चुंबकीय थर झडू लागला. तो झडणारा आवाज म्हणजेच ही रचना. पहिल्या खंडातल्या ‘डीएलपी १.१’मध्ये काही सेकंदांची एकच सुरावट तासाभर फिरते. हळूहळू तिला भोकं पडतात, शेवटी सूर कमी आणि पोकळीच जास्त उरते. सुरावट ओळखीची असल्यामुळे साध्या स्पीकरवर, हळू आवाजातही ती पोचते. हे काम पुरं होत असतानाच ११ सप्टेंबरचे हल्ले झाले, बसिन्स्कीने ते त्यात बळी गेलेल्यांना अर्पण केलं, आणि तेव्हापासून ही कहाणी संगीताच्या पुढे पुढे चालते. कहाणी बाजूला ठेवूनही ‘१.१’ टिकतं. २००२-०३ मध्ये आलेले चारही खंड लगोलग घ्यायची मात्र गरज नाही. युक्ती एकदा कळली की पुढचं अंदाजाने कळतं.

रादीगचं तसं नाही. तिथे अंदाज बांधायला काही हातीच लागत नाही. एआरपी २५०० सिंथेसायझर, तोही कीबोर्ड टाळून वापरलेला, आणि टेपवर एकमेकांत विरघळवलेले लांब स्वर. ‘कायेमा’ (१९८८), ‘कैलाश’ (१९९१) आणि ‘कूमे’ (१९९३) हे तीन भाग, प्रत्येकी साधारण तासाभराचे. प्रेरणा ‘बार्दो थोडोल’ या मृत्यूविषयीच्या तिबेटी ग्रंथाची, त्यात १९८९ मध्ये तिचा मुलगा अपघातात गेला, त्याचं दुःखही मिसळलं. तंबोऱ्याच्या जव्हारीत कान अडकलेल्याला इथलं स्वरांचं घासणं, त्यातून उठणारी आंदोलनं लगेच कळतील. बदल कधी झाला ते कळत नाही, झालाय एवढंच कळतं. पण खर्ज नीट देणारे हेडफोन हवेतच. फोनच्या स्पीकरवर यातलं निम्मं गायब होतं आणि उरतो तो नुसता घुमणारा आवाज.

काम करता करता ऐकायचं असेल तर बसिन्स्की. दिवे मालवून तासभर दुसरं काही न करण्याची तयारी असेल तर थेट रादीग, सुरुवात ‘कायेमा’पासून. माझा कौल तिलाच. पाचव्यांदा ऐकतानाही तिच्यात नवं सापडतं.

एलपीच्या मोहात पडू नका. एक बाजू वीस-पंचवीस मिनिटांत संपते, आणि असं संगीत मध्येच उठून उलटायचं नसतं. सीडी किंवा लॉसलेस (आवाजाचा दर्जा न घटवणारी) फाइल बरी.

आणि ताल हवा असेल तर दोघांनाही बगल देऊन अमेरिकन मिनिमलिस्ट स्टीव्ह राइशचं ‘म्युझिक फॉर १८ म्युझिशियन्स’ घ्या, ईसीएम या ध्वनिमुद्रण कंपनीचं १९७८चं ध्वनिमुद्रण.