चष्म्याविना थ्रीडी मॉनिटर: काही महिने वापरल्यावर

डेमो बघून हा मॉनिटर घेऊ नका. डेमोत फुलपाखरं नाकाशी येऊन उडतात, बघणारा हात पुढे करतो, आणि रोजच्या कामात नेमकी तीच करामत डोक्याला ताप होते. मी यंत्रांच्या भागांची मॉडेलं करतो. ती आता याच पडद्यावर तपासतो.

पडद्यावर बारीक उभ्या भिंगांचा थर आहे आणि डोळे कुठे आहेत ते टिपणारे कॅमेरे. दोन डोळ्यांना दोन वेगळी चित्रं जातात. ब्रिटिश शास्त्रज्ञ चार्ल्स व्हीटस्टननं 1838 मध्ये आरशांचा स्टिरिओस्कोप (प्रत्येक डोळ्याला वेगळं चित्र दाखवणारं उपकरण) मांडला, त्यामागचं तत्त्व हेच. पिक्सेल दोघांत वाटले गेल्यानं थ्रीडीत आडवं रिझोल्यूशन निम्म्यावर येतं. बारीक मजकूर वाचायचं विसरा.

खरी गोम डोळ्यांत आहे. वस्तू पडद्यापुढे आली की डोळे तिच्याकडे आत वळतात, फोकस मात्र पडद्यावरच राहतो. एरवी या दोन्ही क्रिया जोडीनं चालतात. इथे त्यांची फारकत होते आणि तासाभरात कपाळ जड होतं. म्हणून दोन चित्रांतला फरक, डोळ्याशी होणाऱ्या कोनात मोजला तर, साधारण 1 अंशात ठेवावा असा ठोकताळा आहे. डोळ्यांमधलं अंतर 63 मिमी धरा आणि 60 सेंमीवर बसा: पडद्यापुढे जेमतेम साडेआठ सेंमी मिळतात, मागे 12. अख्खी असेंब्ली (सगळे भाग जोडलेलं यंत्र) तेवढ्यात बसवायची!

कंपनीनं थ्रीडीतली खोली (डेप्थ) कमीजास्त करायचा स्लायडर मात्र शेवटपर्यंत ओढून दिलेला. (विक्रीला बरं असणार.) मी तो एक तृतीयांशावर ठेवतो. गिअरबॉक्सचा मधला शाफ्ट पडद्याच्या पातळीवर, बाकी सगळं मागे. पुढे आलेला भाग चौकटीनं कापला गेला तर डोळा म्हणतो पुढे, कडा म्हणते मागे, आणि चित्र फिसकटतं. काळ्यावर पांढऱ्या कडा असल्या की दुसऱ्या डोळ्याच्या चित्राची भुतं दिसतात. पार्श्वभूमी करडी केल्यावर ती बरीच कमी झाली.

एवढं जमवलं की मजा आहे. बोल्टचं डोकं आणि गिअरबॉक्सच्या कवचाची भिंत यांतली फट साध्या पडद्यावर मॉडेल फिरवून फिरवून शोधावी लागायची. इथे ती बघताक्षणी दिसते.

एका वेळी एकच जण बघू शकतो. शेजारचा वाकला की कॅमेरे गोंधळतात. शिवाय तिरळेपणामुळे किंवा एक डोळा मंद असल्यामुळे काहींना ही खोली जाणवतच नाही, त्यांना सावल्या आणि फिरतं मॉडेलच कामाचं. घेण्याआधी स्वतःची फाइल लावून तासभर बसा, आणि मजकुरासाठी शेजारी साधा मॉनिटर राहू द्या.