अकिलीस आणि पेन्थेसिलीया: एक क्षण, दोन पात्रे

ग्रीक पुराणकथेतल्या ट्रॉयच्या युद्धात ग्रीक वीर अकिलीसने अॅमेझॉन या योद्ध्या स्त्रियांची राणी पेन्थेसिलीया हिला ठार केले आणि त्याच क्षणी तो तिच्या प्रेमात पडला, ही कथा दोन अथेनियन चित्रकारांनी फार वेगळ्या रीतीने रंगवली आहे. ब्रिटिश म्युझियममधील इ.स.पू. 540-530 च्या सुमाराच्या कुंभावर एक्सेकियासने काळ्या लेपात टोकदार हत्याराने रेषा कोरून आकृती घडवल्या. अकिलीसचा चेहरा शिरस्त्राणाआड झाकलेला आहे, तर कोसळणाऱ्या राणीचा पांढऱ्या रंगातला चेहरा उघडा आहे. भाला तिच्या गळ्यात शिरला असूनही दोघांची नजर एकमेकांवर खिळलेली आहे.

दुसऱ्या चित्रकाराचा, म्युनिकमधील उथळ प्याला इ.स.पू. 470-460 च्या सुमाराचा, काळ्या पार्श्वभूमीवरच्या लाल आकृतींच्या शैलीतला आहे. तेथे कुंचल्याच्या रेषेमुळे चेहरे अधिक बोलके झाले आहेत आणि राणीचा विनवणारा हात अकिलीसच्या छातीपर्यंत पोहोचतो. परंतु आणखी एक योद्धा आणि एक मृत अॅमेझॉन यांमुळे प्याल्याच्या आतल्या वर्तुळाकार चित्रात दाटी होते. मला एक्सेकियासचे चित्र श्रेष्ठ वाटते, कारण अकिलीसच्या मनातली उलथापालथ त्याने शिरस्त्राणातून दिसणाऱ्या केवळ एका डोळ्यावर सोपवली आहे.