सीडी रिप करायला कोणतं सॉफ्टवेअर: ईएसी, डीबीपॉवरॅम्प, एक्सएलडी की फ्रीअ‍ॅक?

कपाटभर सीडी आहेत. नव्या लॅपटॉपला ड्राइव्ह नाही म्हणून यूएसबीने जोडायचा बाहेरचा ड्राइव्ह आणलाय, आणि आता प्रश्न पडलाय की रिप, म्हणजे सीडीवरची गाणी फाइल म्हणून कंप्युटरवर उतरवणं, कशाने करायचं. ह्याचं उत्तर बहुतेक वेळा यादीच्या रूपात मिळतं: हे फुकट, ते विकतचं, ह्यात एमपी3 होतं, त्यात फ्लॅकही (आवाजातलं काही न घालवता दाबलेली फाइल) होतं. अशा यादीचा फारसा उपयोग होत नाही, कारण फाइल सगळेच बनवतात. चकचकीत, एकही चरा नसलेली सीडी घातलीत तर कुठल्या सॉफ्टवेअरने काढलेली फाइल कोणती, हे कान लावूनही ओळखता येणार नाही. फरक कळतो तो सीडी खराब असते तेव्हा. कोण गुपचूप फाइल हातात ठेवतं आणि कोण सांगतं की चौथ्या ट्रॅकमध्ये गडबड आहे, एवढ्या एका गोष्टीवर मी निवड करतो.

मुळात ऑडिओ सीडी कंप्युटरने वाचायला बनलेलीच नाही. तिचं मानक 1980 सालचं: सेकंदाला आवाजाचे 44,100 नमुने (मोजमापं), प्रत्येक 16 बिटांचा, डावं-उजवं असे दोन चॅनेल. एका सेकंदाचे 75 सेक्टर (डिस्कवरचे ठरावीक मापाचे तुकडे), प्रत्येक सेक्टरमध्ये 2,352 बाइट. डेटा सीडीवरही सेक्टर एवढाच, पण त्यातले 2,048 बाइटच खऱ्या माहितीचे. उरलेल्यांतला बराच भाग चूक ओळखून दुरुस्त करण्यासाठी राखलेला असतो. ऑडिओ सीडीवर हा जादाचा थर नाही. जी मूळ दुरुस्तीची सोय आहे ती कमी पडली, की ड्राइव्ह आजूबाजूच्या नमुन्यांवरून अंदाज बांधून मधली जागा भरून टाकतो. ऐकताना हे सोयीचंच, गाणं अडखळत नाही. रिप करताना मात्र तो अंदाज फाइलीत कायमचा जाऊन बसतो.

माझी पहिली खेप अशीच वाया गेली. कंप्युटरसोबत आलेल्या प्लेयरमध्ये एकेक सीडी घालत गेलो, प्रत्येक वेळी शंभर टक्के भरलेली पट्टी दिसली, खूश होतो. पुढे कधीतरी हेडफोन लावून ऐकताना एका गाण्यात बारीकसं ‘टक्’ आलं. मग दुसऱ्यात आलं. कुठल्या फाइली चांगल्या आणि कुठल्या नासक्या हे सांगणारं काहीच हाताशी नव्हतं, त्यामुळे सगळ्याच सीडी पुन्हा काढल्या.

चूक पकडायच्या पद्धती साधारण दोन. पहिली: तोच भाग पुन्हा पुन्हा वाचायचा आणि उत्तर जुळतं का बघायचं. हिच्यात एक पळवाट राहते. ड्राइव्ह दोन्ही वेळा तीच चूक करू शकतो, किंवा दुसऱ्यांदा डिस्क न वाचता आपल्या कॅशेतलंच (तात्पुरत्या साठवणीतलंच) उत्तर परत देऊ शकतो. दुसरी पद्धत जास्त भरवशाची: तीच सीडी दुसऱ्यांनी रिप केली तेव्हा काय आकडा आला, त्याच्याशी आपला आकडा ताडून बघायचा. अ‍ॅक्युरेटरिप नावाचा साठा हेच करतो. प्रत्येक ट्रॅकचा एक चेकसम, म्हणजे त्यातल्या डेटावरून काढलेला आकडा, निघतो, तो साठ्यातल्या चेकसमशी जुळला तर ट्रॅक बरोबर. वेगळ्या ड्राइव्हवर, डिस्कच्या वेगळ्या प्रतीवरून, अनोळखी माणसाच्या हातून नेमकी तीच चूक होणं जवळजवळ अशक्य आहे.

ह्या जुळवणीसाठी एक गोष्ट आधी बसवावी लागते, ती म्हणजे ड्राइव्हचा ऑफसेट. प्रत्येक मॉडेल काही नमुने मागेपुढे सरकून वाचायला लागतं. एखाद्याला +6 ची दुरुस्ती लागते, एखाद्याला +667 ची. कानाला ह्याचा पत्ता लागत नाही, 667 नमुने म्हणजे सेकंदाचा सहासष्टावा भाग. पण दुरुस्ती चुकली तर चेकसम कधीच जुळत नाही.

विंडोजवरची खरी लढत

ईएसी, म्हणजे एग्झॅक्ट ऑडिओ कॉपी, 1998 पासून आहे आणि घरगुती वापराला फुकट आहे. त्याचं रूपडंही त्याच काळातलं राहिलंय: खिडकीत खिडकी, डझनभर टॅब, आणि प्रत्येक टॅबवर अर्थ न लागणाऱ्या चौकटी. पहिल्यांदा उघडलं की माणूस दचकतो. ड्राइव्ह कॅशे करतो का, सी2 खुणा (वाचताना चूक झाल्याचा इशारा) नीट देतो का, ऑफसेट किती, हे सगळं ठरवून घ्यावं लागतं. बरंचसं ते स्वतः तपासून सांगतं, तरी पहिली संध्याकाळ सेटिंगमध्येच जाते असं धरून चाला.

त्याची किंमत वसूल होते ती चरा पडलेल्या डिस्कवर. सिक्युअर मोडमध्ये शंका आली की ईएसी तोच सेक्टर सोळा-सोळाच्या फेऱ्यांनी वाचतं, अगदी वाईट प्रसंगी 82 वेळा. हे होताना ऐकूही येतं. एरवी भरधाव फिरणाऱ्या ड्राइव्हचा आवाज खाली उतरतो, मधूनमधून धाप लागल्यासारखा थांबतो, पडद्यावरचे लाल चौकोन एकेक करून वाढतात. एक ट्रॅक अर्धा-अर्धा तास खाऊ शकतो. पण शेवटी जो लॉग, म्हणजे झालेल्या कामाची नोंद, मिळतो त्यात लिहिलेलं असतं की ट्रॅक 4 मध्ये 2 मिनिटं 31 सेकंदांपाशी संशयास्पद जागा आहे. नेमक्या त्या जागी जाऊन ऐकायचं, आणि ठेवायचं की डिस्क कापडाने पुसून परत रिप करायचं ते ठरवायचं. एवढं स्पष्ट बोलणारं सॉफ्टवेअर मला दुसरं सापडलेलं नाही.

डीबीपॉवरॅम्प विकतचं आहे, 21 दिवस वापरून बघता येतं. अ‍ॅक्युरेटरिपचा साठा ह्याच मंडळींचा, त्यामुळे सगळी रचनाच त्याभोवती बेतलेली. ते आधी एकदा झरझर वाचून घेतं आणि लगेच साठ्याशी ताडून बघतं. जुळलं की पुढचा ट्रॅक. जुळलं नाही तरच पुन्हा वाचणं, शंकेच्या जागा घासणं हे सगळं सुरू होतं. चांगल्या अवस्थेतल्या आणि साठ्यात असलेल्या डिस्कवर ह्यामुळे केवढा वेळ वाचतो ते पन्नासाव्या सीडीला कळतं. ऑफसेटही बहुतेक वेळा तुम्ही दोनतीन ओळखीच्या डिस्क घातल्यात की आपला आपण ठरतो.

दुसरी गोष्ट नावांची. ते अनेक साठ्यांतून अल्बमची माहिती आणून शेजारीशेजारी मांडतं, ह्यातलं वर्ष घे, त्यातलं मुखपृष्ठ घे असं करता येतं. ईएसीमध्ये हे जमतं, पण हात जास्त चालवावा लागतो. माझं मत विचाराल तर डीबीपॉवरॅम्पचे पैसे अचूकतेचे नसून वेळेचे आहेत. अचूकतेत दोघं तुल्यबळ.

विंडोजवर तिसरं एक नाव फार लोकांना माहीत नसतं: क्यूरिपर. क्यूटूल्स नावाच्या फुकट संचातलं हे छोटंसं साधन. सेटिंग जवळपास नाहीत, डिस्क घाला, बटण दाबा, फ्लॅक घ्या. खरी गंमत त्याच्या साठ्यात आहे. अ‍ॅक्युरेटरिपमध्ये नुसता चेकसम असतो, म्हणजे चुकलं एवढंच कळतं. क्यूटूल्सच्या साठ्यात दुरुस्तीची माहितीही ठेवलेली असते. पूर्ण अल्बम रिप केला असेल आणि नुकसान थोडं असेल, तर डिस्कला हात न लावता फाइल मुळासारखी करून मिळते. त्यामुळे रिप कशानेही करा, क्यूटूल्स कंप्युटरवर असू द्या.

मॅक आणि लिनक्स

मॅकवर फार विचार करायला नको. एक्सएलडी घ्या. फुकट आहे, अ‍ॅक्युरेटरिपशी ताडून बघतं, लॉग देतं, फ्लॅक आणि अ‍ॅपल लॉसलेस (फ्लॅकसारखंच, पण अ‍ॅपलचं स्वरूप) दोन्ही करतं. नावांच्या बाबतीत जरा कोरडं आहे, पण ते नंतर सुधारता येतं. डीबीपॉवरॅम्पही मॅकवर चालतं; शेकड्याने डिस्क असतील तर तो खर्च इथेही समजण्यासारखा.

लिनक्सवर व्हिपर. त्याला खिडकीच नाही, सगळं टर्मिनलमध्ये. एक आज्ञा देऊन ड्राइव्ह तपासायचा, एक देऊन ऑफसेट शोधायचा, मग रिप. नावं म्युझिकब्रेन्झ ह्या अल्बमांच्या माहितीच्या साठ्यावरून घेतं आणि फ्लॅकच देतं, एमपी3 हवं तर नंतर बदलून घ्यायचं. टर्मिनलची भीती नसेल तर एकदा बसवल्यावर ह्याच्याइतकं निमूट काम करणारं दुसरं नाही.

तिन्हीकडे चालणारं, आणि आधीपासून बसलेलं

फ्रीअ‍ॅक विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालतं, मुक्त स्रोताचं आहे, आणि पाच मिनिटांत वापरता येतं. फ्लॅक, एमपी3, ऑपस, हवं ते स्वरूप मिळतं. सीडीपॅरानोइया नावाच्या पद्धतीने काळजीपूर्वक वाचायची सोयही आहे, ती चालू करायला विसरू नका. उणीव एकच, पण माझ्या लेखी मोठी: अ‍ॅक्युरेटरिपशी ताडणी नाही. मोजक्या, जपून ठेवलेल्या डिस्क असतील तर ही उणीव जाणवणारही नाही.

विंडोज मीडिया प्लेयर आणि अ‍ॅपलचं म्युझिक (पूर्वीचं आयट्यून्स) ह्यांच्यावर जास्त लिहिण्यासारखं नाही. दोघांनाही लॉसलेस फाइल करता येते, पण आपण होऊन ते सहसा लहान, दाबलेल्या फाइली करतात, म्हणून आधी सेटिंग बघा. म्युझिकमध्ये वाचताना चुका सुधारण्यासाठी एक चौकट आहे, तिच्यावर खूण करा. त्यानंतरही काम कसं झालं ह्याचा लॉग कोणीच देत नाही. गाडीत लावायला दोन सीडी हव्या आहेत? खुशाल वापरा.

नावांचा घोळ

रिप करण्याइतकाच वेळ नावं सुधारण्यात जातो, हे कोणी आधी सांगत नाही. वर्षानुवर्षं बहुतेक फुकट सॉफ्टवेअर फ्रीडीबी ह्या साठ्यावर विसंबून होती, तो 2020 मध्ये बंद झाला. जुनं व्हर्जन वापरत असाल आणि सगळे ट्रॅक ‘ट्रॅक 01’ म्हणून येत असतील तर कारण हेच. म्युझिकब्रेन्झचा साठा शिस्तीचा आहे. कमी खपलेल्या किंवा रोमन सोडून दुसऱ्या लिपीतल्या अल्बमांचं मात्र कुठेच धड नसतं: कुठे नावाच्या जागी प्रश्नचिन्हं, कुठे एकाच गायकाची तीन स्पेलिंगं. अशा डिस्क जास्त असतील तर सॉफ्टवेअर नावं कुठून आणतं ह्यापेक्षा हाताने भरायला किती सोपं आहे ते बघा. मी तर रिप करताना नावांकडे लक्षच देत नाही; फोल्डर नीट ठेवतो आणि टॅग (फाइलीत लिहिलेली नावं) नंतर एकगठ्ठा भरतो.

स्वरूपाबद्दल वाद नको: फ्लॅक. तासाभराची सीडी कच्च्या स्वरूपात साधारण 635 एमबी होते, फ्लॅकमध्ये बहुधा 300 ते 400. पाचशे सीडी दोनशे जीबीच्या आतबाहेर बसतात. सगळी उपकरणं अ‍ॅपलची असतील तर अ‍ॅपल लॉसलेस घ्या, एकातून दुसऱ्यात कधीही बदलता येतं आणि आवाजातलं काही जात नाही. थेट एमपी3 केलंत तर परतीची वाट नाही.

मग घ्यायचं काय?

विंडोजवर शंभरच्या आत डिस्क आहेत आणि थोडी खटपट करायची तयारी आहे, तर ईएसी. खटपट नको असेल तर क्यूरिपर. डिस्क तीनशे-चारशेच्या घरात असतील तर डीबीपॉवरॅम्प घेऊन मोकळे व्हा. प्रत्येक सीडीमागे चार मिनिटं वाचली तरी तीनशे सीडींचे वीस तास होतात. मॅकवर एक्सएलडी, लिनक्सवर व्हिपर. ताडून न बघता भागण्यासारखं असेल तर फ्रीअ‍ॅक.

साठ्याशी जुळली नाही म्हणून प्रत्येक डिस्क खराब समजू नका. साठ्यात ती नसेल, किंवा तुमच्याकडची प्रत वेगळ्या छपाईची असेल, तरी निकाल नकारार्थीच येतो. अशा वेळी दोनदा रिप करून दोन्हींचा चेकसम सारखा येतो का बघा, जमल्यास दुसऱ्या ड्राइव्हवर. डिस्क मऊ कापडाने मधून कडेकडे सरळ रेषेत पुसा, गोल फिरवून नाही. माझ्याकडची एक डिस्क एका ड्राइव्हवर तिसऱ्या ट्रॅकपाशी दर वेळी अडायची. दुसऱ्या, जुन्यापान्या ड्राइव्हवर पहिल्याच फटक्यात बाराच्या बारा ट्रॅक जुळले.