रक्तगट जुळत नाही: स्वॅप करावा की एबीओ-इनकम्पॅटिबल?

किडनी द्यायला घरातला दाता तयार आहे, बाकीच्या तपासण्या ठीक आल्यात, फक्त रक्तगट आडवा आलाय. इथवर पोचलेल्यांसाठी हे लिहितोय. क्रिएटिनिन (किडनी किती चालते ते दाखवणारा रक्तातला आकडा), फिस्टुला (डायलिसिससाठी हातात केलेली रक्तवाहिन्यांची जोडणी), आठवड्याची डायलिसिसची पाळी हे तुम्हाला माझ्याइतकंच पाठ असणार, ते सोडून देतो. आमच्या घरी रुग्ण बायको, गट ए; दाता मी, गट बी. रस्ते दोन होते. गट न जुळताही माझीच किडनी तिला लावायची, म्हणजे एबीओ-इनकम्पॅटिबल, किंवा आमच्यासारखंच अडलेलं दुसरं जोडपं गाठून दात्यांची अदलाबदल करायची, म्हणजे स्वॅप. मृत दात्यांचे अवयव वाटून देणाऱ्या झेडटीसीसी या संस्थेच्या यादीत नाव घालणं हा तिसरा. डॉक्टर हो म्हणाले तर जरूर घाला, पण मुंबईत त्या यादीवर वर्षं जातात आणि तोवर डायलिसिस चालूच राहतं, म्हणून तो इथे धरत नाही.

दात्याच्या बाजूने बघितलं तर दोन्ही रस्ते सारखेच. तीच दुर्बिणीची शस्त्रक्रिया, नंतर आयुष्यभर दरवर्षी बीपी, क्रिएटिनिन आणि लघवीतलं प्रोटीन तपासणं. ऑपरेशनमध्ये दाता दगावण्याचं प्रमाण दहा हजारांत साधारण ३ सांगतात. पुढे कधी दात्याचीच किडनी निकामी होण्याबद्दल अमेरिकेत २०१४ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यातला अंदाज असा, की आयुष्यभरात दहा हजार दात्यांमागे ९०, आणि तितक्याच ठणठणीत पण किडनी न दिलेल्या माणसांमध्ये १४. हा आकडा घरातल्या सगळ्यांनी एकदा नीट ऐकावा, दात्याच्या आईसकट. पण त्यावरून या दोन रस्त्यांत निवड होत नाही. फरक पडतो तो घेणाऱ्याच्या धोक्यात.

एबीओ-इनकम्पॅटिबलचा मोठा गुण म्हणजे कुणाची वाट बघावी लागत नाही. रिटक्सिमॅब (अँटिबॉडी बनवणाऱ्या पेशींना आवरणारं औषध) देतात, मग प्लाझ्मा, म्हणजे रक्तातला द्रव भाग, बदलून रक्तातल्या विरोधी अँटिबॉडी खाली आणतात. त्यांचं प्रमाण म्हणजे टायटर; त्यातला दुसरा आकडा जितका मोठा, तितक्या अँटिबॉडी जास्त. बऱ्याच ठिकाणी तो १:८ किंवा त्याखाली आला की ऑपरेशन करतात. पहिले साधारण दोन आठवडे नाजूक. त्यानंतर अँटिबॉडी पुन्हा वाढल्या तरी किडनी सहसा त्यांना सरावते. जपानात मृत दात्यांच्या किडन्या फार कमी मिळतात, त्यामुळे तिथे हे १९८०च्या दशकापासून चालू आहे. चांगल्या सेंटरला पहिलं वर्ष निभावलं की निकाल नेहमीच्या ट्रान्सप्लान्टच्या जवळपास जातात. डायलिसिसला बायकोच्या शेजारच्या खुर्चीवर बसणाऱ्या काकांनी हेच केलं आणि ते आज मजेत दादरला भाजी घ्यायला जातात. तेव्हा हा रस्ता वाईट आहे असं मी म्हणणार नाही.

मला नडला तो टायटरच. एकाच आठवड्यात दोन लॅबमध्ये बायकोचं रक्त दिलं. एकीकडे १:६४ आलं, दुसरीकडे १:२५६. एक लॅब ट्यूबने करते, दुसरी जेल कार्डने. पद्धत बदलली की आकडा बदलतो, असं डॉक्टरांनी शांतपणे समजावलं. त्यांचं बरोबरच होतं, पुढचं सगळं एकाच लॅबला करायचं हेही बरोबर. पण त्या आकड्यावर प्लाझ्माच्या किती फेऱ्या लागणार ते ठरतं, आणि फेऱ्यांवर खर्च. हॉस्पिटलच्या अंदाजपत्रकात ऑपरेशन, औषधं, खोली, सगळ्यासमोर रक्कम होती. प्लाझ्मासमोर फक्त 'गरजेनुसार'. काउंटरवर विचारलं, निदान जास्तीत जास्त किती धरू? बाईंनी पुन्हा तेच सांगितलं, गरजेनुसार. काकांच्या बाबतीत तर टायटर एका फेरीनंतर खाली यायचा आणि दोन दिवसांत परत वर, फलाटावरच्या इंडिकेटरसारखा, चार मिनिटांची गाडी बघता बघता अकरा मिनिटांवर. ऑपरेशनची तारीखही त्याच्यामागे फिरत राहिली. पैसे कसेही उभे केले असते, भावाने तशी तयारी दाखवलीही होती. पण किती उभे करायचे हेच माहीत नसताना पीएफला हात घालणं माझ्याच्याने होईना.

दुसरं कारण आपल्या शहराचं. अँटिबॉडी खाली आणताना उपयोगाच्या अँटिबॉडीही जातात, आणि रिटक्सिमॅबचा परिणाम महिनोन्महिने राहतो. मुंबईत टीबी घरोघरी, पावसाळ्यात डेंग्यू आणि लेप्टो. ट्रान्सप्लान्टनंतर प्रतिकारशक्ती दाबावी लागतेच, त्यात ही वरची भर मला नको वाटली. कुणाला हा माझा भित्रेपणा वाटेल. वाटू दे.

आता स्वॅप. कायद्यात २०११च्या दुरुस्तीने याला वाट मिळाली. अट एवढीच, की दोन्ही जोड्यांमधला दाता आपापल्या रुग्णाचा जवळचा नातेवाईक हवा: नवरा-बायको, आई-वडील, मुलं, भावंडं, आजी-आजोबा, नातवंडं. दीर, मेहुणी, चुलतभाऊ चालत नाहीत. शिवाय परवानगी देणाऱ्या ऑथोरायझेशन कमिटीसमोर जावं लागतं, मुलाखतीचं व्हिडिओ रेकॉर्डिंग होतं. लग्नाचे जुने फोटो, रेशन कार्ड, सगळं बाहेर काढावं लागलं. माझ्या आत्याने विचारलंच, 'म्हणजे तुझी किडनी परक्या माणसाला?' हो, आणि त्यांची हिला.

चारही ऑपरेशनं एकाच वेळी करतात, म्हणजे एकाचं झाल्यावर दुसऱ्या दात्याने पाय मागे घेतला असं होऊ नये. त्याची किंमत ही, की चौघांपैकी एकाला ताप आला तरी सगळ्यांचंच थांबतं. आमचं असंच एकदा पुढे गेलं, समोरच्या रुग्णाला खोकला झाला म्हणून. चिडचिड झाली, पण नवी तारीख त्याच दिवशी मिळाली, आणि खर्चाचा कागद होता तसाच राहिला. समोरच्यांची दाता माझ्यापेक्षा दहाएक वर्षांनी तरुण होती. त्या बाबतीत आम्ही फायद्यात, हे मान्य. माझ्या डीटीपीए स्कॅनचा (किडनी किती काम करते ते मोजणारा) आकडा बघून त्यांचे डॉक्टर तयार झाले.

एक गोष्ट मला आधी कुणी सांगितली नव्हती. बायको रुग्ण असेल आणि बाळंतपणं झाली असतील, तर तिच्या शरीरात नवऱ्याच्या पेशींविरुद्ध अँटिबॉडी आधीच तयार असू शकतात, कारण मुलांमध्ये बापाचा वारसा असतो. गट जुळला तरी मग क्रॉसमॅच, म्हणजे रुग्णाचं रक्त दात्याच्या पेशींशी ताडून बघायची तपासणी, अडतो. आमचा अडला नव्हता, पण सिंगल अँटिजेनच्या (अशा अँटिबॉडी बारकाईने शोधणाऱ्या तपासणीच्या) रिपोर्टात माझ्याविरुद्ध बारीकशी रेघ होतीच. परक्या दात्याविरुद्ध ती नव्हती. प्रत्येक वेळी असं होईल असं नाही, क्रॉसमॅच नव्या दात्याशीही करावाच लागतो.

स्वॅप कुणाला जमणार नाही तेही सांगतो. रुग्ण ओ गटाचा आणि दाता ए किंवा बी असेल तर जोडी मिळणं फार कठीण, कारण ओ दाता बहुतेक कुणाच्याही घरात थेट चालतो, तो अदलाबदलीला येईलच कशाला? तिथे मी काकांच्या रस्त्याने जाईन. ए आणि बीची उलटसुलट जोडी असेल, आमच्यासारखी, तर मात्र आपल्याकडे दोन्ही गट भरपूर आहेत, थोडे महिने थांबून बघायला हरकत नसावी. किती महिने ते नेफ्रोलॉजिस्टने ठरवावं, फिस्टुला आणि हृदय बघून.

थांबण्याच्या काळात हिपॅटायटिस बी आणि न्यूमोकोकलच्या लसी उरकून घ्या. पुढे एबीओवर यावं लागलंच, तर रिटक्सिमॅबनंतर लस नीट लागत नाही. स्वॅपची नोंदणी एकाच हॉस्पिटलपुरती आहे की बाहेरच्या जोड्याही बघतात, हे पहिल्याच भेटीत विचारा. आणि मॅरेज सर्टिफिकेट नसेल तर वॉर्ड ऑफिसला आजच चक्कर मारा, आमचे सगळ्यात जास्त दिवस तिथेच गेले.