जुन्या इंजिनच्या वायरिंगसाठी जीएक्सएल वायर कशी आहे?

जुन्या गाडीच्या इंजिनजवळची वायर बदलायची असेल, तर बहुतेक ठिकाणी जीएक्सएलच घ्यावी. हिचं आवरण क्रॉसलिंक्ड पॉलिएथिलिनचं (रेणू एकमेकांना जोडलेलं, म्हणून गरमीने न वितळणारं प्लास्टिक) असतं आणि ते 125 अंश सेल्सिअसपर्यंत चालतं. साध्या पीव्हीसी वायरची मर्यादा 80 ते 85 अंशांची. गरमीने पीव्हीसीतलं प्लास्टिसायझर, म्हणजे तिला मऊ ठेवणारं रसायन, उडून जातं, वायर काडीसारखी कडक होते आणि कनेक्टरच्या मागे, जिथे वाकते नेमकी तिथेच तडकते.

नव्या असताना दोन्ही दिसायला सारख्याच, त्यामुळे रंगावर जाऊ नका. आवरणावरचा छाप वाचा: जीएक्सएल, टीएक्सएल आणि एसएक्सएल या तिन्ही क्रॉसलिंक, जीपीटी म्हणजे पीव्हीसी. तिघींची तापमान-मर्यादा एकच, फरक जाडीचा. टीएक्सएल सर्वांत पातळ, एसएक्सएल सर्वांत जाड.

जुन्या वायरवर छाप बहुधा उरलेला नसतो. अशा वेळी बॅटरी सोडवून 5 सेंटिमीटरचा तुकडा कापा आणि 350 अंशांवरचं सोल्डरिंग आयर्न आवरणाला दोन-तीन सेकंद टेकवा, खिडकी उघडी ठेवून. पीव्हीसी लगेच वितळून मागे सरकते, वास नाकाला झोंबतो. क्रॉसलिंक मऊ पडते, दबते, पण ओघळत नाही. सिलिकॉनला काहीच होत नाही, हाताला ते रबरासारखं लागतं. टेफ्लॉनलाही काही होत नाही, मात्र ते ताठ आणि गुळगुळीत असतं. त्याला ज्योत लावू नका, धूर विषारी असतो. फार जुन्या गाडीत धाग्याने विणलेलं आवरण दिसलं, तर त्यात अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं. ते खरवडू नका.

जीएक्सएलची अडचण सोलताना येते. आवरण चिवट असल्याने ब्लेडने सोलताना तांब्याच्या तारा तुटतात आणि क्रिम्प (टर्मिनल दाबून बसवलेला जोड) कमजोर बसतो. मापाच्या खाचेचा स्ट्रिपरच वापरा. जुन्या वायरला जोड देणार असाल, तर आतलं तांबं चकचकीत दिसेपर्यंत मागे कापत जा. काळं पडलेलं तांबं सोल्डर धरत नाही. फूटभर कापूनही काळंच निघालं, तर जोड देण्यात अर्थ नाही, पूर्ण वायर बदला.

एक्झॉस्ट मॅनिफोल्डला (इंजिनातला गरम धूर बाहेर नेणाऱ्या नळ्यांना) लागून जाणाऱ्या वायरला जीएक्सएलही पुरत नाही. तिथे सिलिकॉन वायर आणि वर फायबरग्लासची स्लीव्ह लागते. पण सिलिकॉन धारदार कडेवर सहज फाटतं, पेट्रोलने फुगतं आणि जाड असल्यामुळे वॉटरप्रूफ कनेक्टरच्या सीलमध्ये बसत नाही. म्हणून ते तेवढ्या टप्प्यापुरतंच वापरा. सील घेताना गेज (आतल्या तांब्याच्या जाडीचा नंबर) बघून घेऊ नका, आवरणाचा बाहेरचा व्यास मोजून घ्या.